रक्ताची परतवाट

वैशाखातल्या दुपारी सोलापुरात, ज्या वेळी डांबरी रस्त्यावरून उठणाऱ्या झळांत समोरची इमारतही हलताना भासते आणि नवी पेठेतील दुकानदार अर्धे दार ओढून घेऊन आत पडून राहतात, त्या वेळी शहराच्या पूर्व भागातील पत्र्याच्या छपरांखाली यंत्रमाग अव्याहत खडखडत असतात, आणि मागांच्या दोन रांगांमधील अरुंद वाटेत, आठ-आठ, कधी बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा कामगार तुटलेला धागा सांधीत उभा असतो. पाळी संपवून तो घरी येतो तेव्हा त्याचे घोटे सुजलेले असतात, पोटऱ्या जड झालेल्या असतात, आणि काही वर्षांनी त्याच पोटऱ्यांवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा कायमच्या वस्तीला येतात. तो तक्रार करतो ती पायांची. घरचे तेल चोळतात तेही पायांनाच. वस्तुतः दुखणे पायांचे नसून रक्ताच्या परतीच्या प्रवासाचे असते, आणि या प्रवासाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गातही जे औदासीन्य आढळते ते मला नेहमीच आश्चर्याचे वाटत आले आहे.

रुधिराभिसरणाची गोष्ट निघाली की सर्व मानमरातब हृदयाच्या वाट्याला जातो. शाळेच्या पुस्तकात हृदयाची आकृती पानभर असते, रोहिण्यांना अर्धे पान मिळते, आणि शरीरातील एकूण रक्ताचा बराच मोठा हिस्सा, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश, कोणत्याही क्षणी ज्यांच्यात असतो त्या नीलांची चार ओळींत बोळवण होते. पण हृदयाचा कारभार असा आहे की त्याच्याकडे जितके रक्त परत येईल तितकेच त्याला पुढे पाठविता येते. पदरचा एक थेंबही त्याला घालता येत नाही. अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले की परतलेले रक्त जितके अधिक, तितके हृदयाचे स्नायू अधिक ताणले जातात, आणि जितके अधिक ताणले जातात तितक्या जोराने ते आकुंचन पावतात. म्हणजे रवानगीचा हुकूम हृदयातून सुटत असला तरी त्याची रक्कम ठरते ती परतवाटेवर.

तथापि परतीचा मार्ग समजण्यास जाण्याचा मार्ग ठाऊक असावा लागतो. सबब प्रथम त्याचा तपशील पाहू.

प्रौढ माणसाचे हृदय साधारण तीनशे ग्रॅम वजनाचे असते. उरोस्थीच्या मागे, किंचित डावीकडे कललेले, परिहृद नावाच्या दुपदरी पिशवीत ते वसलेले असून त्याच्या चार कप्प्यांपैकी वरचे दोन अलिंद पातळ भिंतींचे आणि खालचे दोन निलय जाड भिंतींचे असतात. उभ्या पडद्याने त्याचे डावे आणि उजवे असे दोन भाग इतके पूर्ण विभागलेले असतात की एका हृदयात दोन स्वतंत्र पंप नांदतात म्हणावे. उजवा पंप शरीरातून आलेले रक्त शेजारच्या फुप्फुसांकडे पाठवतो. डावा, फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन आलेले रक्त महारोहिणीत लोटून टाळूपासून तळव्यापर्यंत पोहोचवतो. उजव्याचे काम जवळचे, म्हणून त्याची भिंत पातळ. डाव्याचे लांबचे, म्हणून तिप्पट जाड. अलिंद आणि निलय यांच्यामधील आणि निलयांच्या मुखावरील झडपा एकाच दिशेने उघडतात, आणि वैद्य नळीने ऐकतात ते दोन ध्वनी या झडपा मिटण्यामुळे निर्माण होतात.

मिनिटास बहात्तर ठोके आणि दर ठोक्यास सुमारे सत्तर घन सेंटिमीटर रक्त, असा हिशेब मांडला तर मिनिटास पाच लिटर होतात. शरीरात रक्तच पाच लिटरांच्या आसपास असते, त्यामुळे विश्रांतीच्या स्थितीतही सर्व रक्ताची एक फेरी मिनिटाभरात पुरी होते आणि अहोरात्रीत सात हजारांहून अधिक लिटर हृदयातून जाते. या ठोक्यांस मेंदूचे फर्मान लागत नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत, महानीला येऊन मिळते त्या जागी, एक सूक्ष्म गाठ आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी 1907 साली तिचे वर्णन केले, आणि ठोक्याची विद्युत् प्रेरणा तेथेच उपजते हे पुढे सिद्ध झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले तेव्हा ज्या गोष्टीवर त्यांची सारी भिस्त होती ती हीच, की सर्व मज्जातंतू तोडून दुसऱ्या देहात बसविलेले हृदयही आपल्या आपण ठोके देऊ लागते. तो रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही, पण तत्त्व खरे ठरले.

रोहिण्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. महारोहिणी उगमाशी सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची असते, तिच्या भिंती लवचिक असतात, आणि हृदयाच्या धक्क्याने फुगून पुन्हा संकोच पावताना त्या रक्ताला पुढे ढकलतात, त्यामुळे हृदय क्षणभर विसावले तरी प्रवाह थांबत नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीस काचेची उभी नळी जोडून रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढताना पाहिले आणि 1733 साली ते प्रसिद्ध केले. रक्तदाबाचे ते पहिले मोजमाप होय. रोहिण्यांच्या अगदी शेवटच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या शाखांच्या भिंतींत मात्र स्नायूंची वलये असतात, आणि कोणत्या अवयवास किती रक्त सोडायचे याचा बंदोबस्त तेथे होतो. मकरसंक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत बाराबंदी घातलेला मानकरी उंच नंदीध्वज पेलून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतो तेव्हा त्याच्या मांड्या-पाठीच्या स्नायूंतील ही वलये सैल पडतात, आतड्यांकडची आवळली जातात, हृदयाची रवानगी मिनिटास पाचाऐवजी पंधरा-वीस लिटरांवर जाते. आणि हे सारे तो 'हर्र बोला हर्र' म्हणत असताना, त्याला खबर न लागता घडते.

रोहिण्या जेथे संपतात तेथे केशवाहिन्या लागतात, आणि माझ्या मते या संस्थेचे खरे प्रयोजन पाहायचे तर येथेच थांबले पाहिजे. हृदय, रोहिणी, नीला ही सर्व आणण्या-नेण्याची साधने; देवाणघेवाण होते ती केवळ केशवाहिनीत. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची. तिचा व्यास इतका अल्प, की मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या मापाने सात-आठ भाग रुंद असलेली तांबडी पेशी तिच्यातून पुष्कळदा अंग मुडपूनच पुढे सरकते. महारोहिणीत सेकंदास कित्येक सेंटिमीटर धावणारे रक्त येथे सेकंदास जेमतेम अर्धा मिलिमीटर चालते, कारण एकेक केशवाहिनी अरुंद असली तरी कोट्यवधींची एकत्र रुंदी महारोहिणीच्या कित्येक पट होते, आणि पात्र रुंदावले की प्रवाह मंदावतो. हा मंदपणा अपघाताने आलेला नाही. प्राणवायू आणि साखर बाहेर झिरपावी, कर्बवायू आणि मलद्रव्ये आत यावीत, यास जो सेकंद-दोन सेकंदांचा अवधी लागतो तो त्यामुळेच मिळतो.

केशवाहिनीच्या आरंभी रक्ताचा दाब अधिक असल्याने पाणी भिंतीतून बाहेर पाझरते, आणि अखेरीस दाब उतरला की रक्तातील प्रथिनांच्या आकर्षणाने ते बहुतांशी पुन्हा आत ओढले जाते. दिवसाकाठी असे वीसेक लिटर पाणी बाहेर जाते आणि सतरा-अठरा लिटर परत येते. उरलेल्या दोन-तीन लिटरांचे काय? त्यांच्यासाठी लसीकावाहिन्यांची वेगळी परतवाट आहे. ती त्या द्रवास गोळा करून मानेच्या मुळाशी मोठ्या नीलांत आणून सोडते. ही वाट बुजली म्हणजे काय होते ते सोलापूरकरांस सांगायला नको. हत्तीपाय झालेली माणसे या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या पाहिली गेली आहेत. क्यूलेक्स जातीच्या डासांमार्फत शिरलेले, सुतासारखे बारीक कृमी या लसीकावाहिन्यांत ठाण मांडतात, वाट सुजून बंद पडते, आणि परत जाऊ न शकलेले पाणी वर्षानुवर्षे पायात साचून कातडी जाड आणि खरबरीत होते. आरोग्य खात्याचे कर्मचारी रक्ताचा नमुना घेण्यास रात्री दार ठोठावतात म्हणून लोक कुरकुर करतात. पण या कृमींची पिले दिवसा फुप्फुसांतील वाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळेस, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टराने चीनमधील अमॉय बंदरात 1877 च्या सुमारास या कृमींचा डासाशी असलेला संबंध उघडकीस आणला. डासांच्या पोटात रोगबीज वाढते हे जगाला कळले ते या हत्तीपायामुळे, हिवतापामुळे नव्हे.

आता नीला. केशवाहिन्या एकत्र येऊन त्या बनतात, आणि लहानांच्या मोठ्या होत होत अखेर वरची आणि खालची अशा दोन महानीलांच्या रूपाने उजव्या अलिंदात रुजू होतात. आपण त्यांतील रक्तास अशुद्ध म्हणून मोकळे होतो, पण त्यात अवमान करण्यासारखे काही नाही. विश्रांत माणसाच्या नीलांतील रक्तातही प्राणवायूचा तीन-चतुर्थांश साठा शिल्लक असतो, आणि त्याचा रंग निळा नसून काळसर तांबडा असतो. कातडीतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रकाशामुळे ती शीर निळी दिसते, इतकेच.

रक्त परत येते, ही गोष्ट माणसास फार उशिरा कळली. सुश्रुताने सातशे सिरा आणि चोवीस धमन्या मोजल्या आणि त्यांचे मूळ नाभीत मानले. त्या काळच्या मानाने ते निरीक्षण मोठे होते, परंतु त्यातून आजचे अभिसरण ओढून काढण्याचा जो हव्यास आपल्याकडील काही मंडळी बाळगतात तो सुश्रुतालाही आवडला नसता. ग्रीक वैद्य गेलेन याचे मत युरोप आणि अरबस्तानात चौदाशे वर्षे वेदवाक्य होते. त्याच्या मते रक्त यकृतात अन्नापासून अखंड निर्माण होते, अवयवांत खर्ची पडते, आणि शिरांमधून मागावरील धोट्याप्रमाणे पुढे-मागे हेलकावत राहते. तेराव्या शतकात दमास्कसच्या इब्न अन्-नफीसने, पुढे कैरोत वैद्यकी करीत असताना, हृदयाच्या उजव्या भागातील रक्त फुप्फुसांतून फिरूनच डाव्या भागात येते असे स्पष्ट लिहून ठेवले. पण ते दप्तर युरोपला ठाऊक नव्हते.

विल्यम हार्वे हा इंग्रज तरुण इटलीत पादुआ येथे शिकत असता त्याचा गुरू फाब्रिशियस नीलांच्या आतील लहान लहान पडद्यांवर काम करीत होता. 1603 साली त्याने त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रक्त एकदम पायांत उतरू नये म्हणून हे पडदे त्याचा वेग कमी करतात, असा गुरूचा तर्क. शिष्याने पाहिले की सर्व पडदे हृदयाच्या दिशेने उघडतात आणि उलट दिशेने मिटतात. हार्वेच्या म्हातारपणी रॉबर्ट बॉइल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला विचारले की अभिसरणाची कल्पना प्रथम कशावरून सुचली, तेव्हा त्याने बोट दाखविले ते हृदयाकडे नव्हे, नीलांतील या पडद्यांकडे. 1628 साली निघालेल्या त्याच्या लहानशा लॅटिन ग्रंथात त्याने गणितही मांडले आहे: एका ठोक्यास अर्धाच औंस रक्त निघते असे धरा, अर्ध्या तासात ठोके हजार धरा, तरी पाचशे औंस झाले, इतके रक्त यकृताने अर्ध्या तासात कोठून निर्माण करावे, आणि अवयवांनी ते ठेवावे कोठे? उत्तर एकच संभवते, की तेच रक्त फिरून येते. रोहिण्यांतून नीलांत ते कोणत्या वाटेने जाते हे मात्र त्याला सूक्ष्मदर्शकाअभावी दाखविता आले नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, मार्चेल्लो माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा जुळला.

हार्वेचा एक प्रयोग वाचकाला घरी करता येण्याजोगा आहे, आणि उन्हाळ्यात, शिरा वर आलेल्या असताना, तो विशेष सुकर होतो. कोपराच्या वर रुमाल बेताचा आवळून बांधावा म्हणजे पुढच्या हातावरील शिरा तट्ट फुगतात आणि मधूनमधून गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे झडपा. मनगटाकडे एका बोटाने शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त पुढच्या गाठीपलीकडे सारून द्यावे. शिरेचा तेवढा भाग रिकामा होऊन सपाट पडतो, आणि वरचे रक्त गाठ ओलांडून खाली येत नाही. खालचे बोट उचलताच मात्र तो मनगटाकडून क्षणात भरतो. चौदाशे वर्षांच्या शास्त्राधारास उलथून टाकणारा पुरावा प्रत्येकाच्या हातावरच होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रुमाल मात्र लगेच सोडावा.

या झडपांची खरी कसोटी लागते ती पायांत. माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा त्याने हात मोकळे करून घेतले, परंतु घोट्यापासून हृदयापर्यंत सव्वा मीटरच्या रक्तस्तंभाचा भार पायांच्या नीलांवर टाकला. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्यातील नीलेत पाऱ्याच्या सुमारे नव्वद मिलिमीटर इतका दाब असतो, तर हृदयाच्या धक्क्यातून केशवाहिन्या ओलांडून उरलेला जोर दहा-पंधरा मिलिमीटरांचा. एवढ्या बळावर ते रक्त वर चढायचे म्हणजे मदत हवी, आणि ती मदत करते पोटरी. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधील खोल नीला पिळल्या जातात. झडपांमुळे रक्ताला खाली जाण्यास मज्जाव असल्याने ते वरच चढते. स्नायू सैल पडले की कातडीजवळच्या शिरांतील रक्त आत ओढले जाते. चालू लागताच, काही पावलांतच, घोट्यातील तो दाब नव्वदावरून पंचवीस-तीसवर येतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते अलंकार म्हणून नव्हे. श्वासही हातभार लावतो: छाती फुगली की तिच्यातील दाब उतरतो आणि पोटातील रक्त वर खेचले जाते.

न हलता उभे राहिले तर हे दुसरे हृदय बंद पडते. पायांत अर्धा-पाऊण लिटर रक्त साचते, केशवाहिन्यांतील दाब वाढून पाणी बाहेर पाझरू लागते, आणि पंधरा ते तीस मिनिटांत शरीरातील रक्ताचा दहा ते वीस टक्के भाग अभिसरणातून वजा होऊ शकतो. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात सावधान उभा असलेला मुलगा धाडकन् कोसळतो तो यामुळे. त्याच्या उपाशीपोटी येण्याला उगाच दोष देतात. महिनोन् महिने हाच ताण पडत राहिला म्हणजे नीलांच्या भिंती सैल होतात, झडपांची पाने एकमेकांस मिळेनाशी होतात, एका झडपेचा भार खालच्या झडपेवर येतो, आणि पायावर फुगलेल्या शिरांचे जाळे दिसू लागते. पुढे घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाज सुटते, आणि एखादी क्षुल्लक जखमही वर्ष वर्ष भरत नाही.

जुन्या हातमागावर विणकर बसून काम करी, पण त्याचे पाय मागाच्या खड्ड्यात पट्ट्या दाबीत सतत हलत असत. गिरण्या आल्या, जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांच्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालू लागले, आणि मागाला यंत्राचे पाय मिळाल्यावर माणसाच्या पायांस उभे राहण्याखेरीज काम उरले नाही. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले, उभे राहणे राहिले. दुसरीकडे याच शहरात हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून, दिवसभर विड्या वळतात. त्यांच्या पोटऱ्याही तितक्याच निश्चल. उभे राहणे आणि बसणे यांत कोणते वाईट हा वाद व्यर्थ आहे. अपाय होतो तो न हलण्याने. तासातून दोन-चार मिनिटे चालणे, उभ्या जागी टाचा वर-खाली करणे, रात्री पायांखाली उशी घेऊन निजणे, यांस खर्च काही नाही. शिरा फुगू लागलेल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने घट्ट लवचिक मोजेही वापरता येतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते घालणे किती कठीण, हे ठाऊक असूनही सांगतो.

कारण उन्हाळा ही या कथेतील दुसरी बाजू आहे. शरीरातील उष्णता बाहेर टाकायची तर रक्ताला कातडीपाशी न्यावे लागते. सुखद हवेत कातडीकडे मिनिटास पाव ते अर्धा लिटर रक्त जाते. कडक उन्हात हेच प्रमाण सहा-आठ लिटरांपर्यंत चढू शकते, म्हणजे विश्रांतीच्या वेळी हृदय सर्व देहाला जितके पुरवते त्याहून अधिक एकट्या कातडीला. त्यातही हवा अंगापेक्षा उष्ण झाली, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात ती वारंवार होते, म्हणजे कातडीवरून उष्णता बाहेर पडण्याऐवजी आत येऊ लागते, आणि घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग शिल्लक राहतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सोलापूरची कोरडी हवा या कामी उपकारकच आहे. मुंबईकर पस्तीस अंशांत जितका हैराण होतो तितका सोलापूरकर चाळिसात होत नाही तो यामुळे. गिरण्यांच्या खात्यांत मात्र सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट राखीत, आणि तेथे घाम वाळतही नसे.

घाम येतो तो रक्तातील पाण्यातूनच. तेव्हा पाणी घटलेले, कातडीच्या शिरा सैलावून त्यांत रक्त अडकलेले, आणि त्यावर उभे राहून पायांतही साचलेले, अशा तिहेरी अडचणीत परतवाट आटते. हृदय ठोके वाढवून तूट भरून काढू पाहते. आणि तेही अपुरे पडले की मेंदूचा पुरवठा तुटून माणूस पडतो. मिठाचे ताक आणि कैरीचे पन्हे यांचे आपल्या घरांतील माहात्म्य केवळ चवीचे नाही, पाण्यासोबत गेलेले मीठही ती परत करतात.

विड्यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, जरी ती रोहिण्यांची आहे. धुरातील निकोटिन सूक्ष्म रोहिण्या आवळते, आणि कर्बाचा दुसरा वायू, कार्बन मोनॉक्साइड, तांबड्या पेशींतील रक्तारुणास, म्हणजे हिमोग्लोबिनास, प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटून बसतो. लिओ ब्यूर्गर या डॉक्टराने न्यूयॉर्क येथे 1908 साली सविस्तर वर्णिलेला एक रोग आहे, ज्यात ऐन तिशी-चाळिशीच्या धूम्रपानी पुरुषांच्या हातापायांतील रोहिण्या आणि नीला सुजून रक्ताच्या गुठळ्यांनी बुजतात. चालताना पाऊल दुखते, मग अंगठा काळा पडतो, आणि पुष्कळदा बोटे, प्रसंगी पायही, कापावा लागतो. विडी ओढणाऱ्या गरीब वर्गात हा रोग आपल्या देशात चांगलाच परिचित आहे. त्यावर भरवशाचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण सोडणे. दिवसाला एक विडी ठेवूनही तो थांबत नाही.

परतवाट सर्वांत भयंकर रीतीने तुटते ती रक्तस्रावात. येथे चीनच्या युद्धआघाडीवर गेलेल्या सोलापूरच्या एका सुपुत्राची आठवण अप्रस्तुत होणार नाही. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे पुढे ज्याच्या रुग्णालयात सेनांनी हृदयारोपण केले तेथेच, त्यांचे शिक्षण झाले. जपानने आक्रमिलेल्या चीनच्या साहाय्यास काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक रवाना केले त्यात अटल, नागपूरचे चोळकर, बसू आणि मुखर्जी यांच्यासह कोटणीस होते. कॅनडाचा शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून, ज्याने स्पेनच्या यादवीत 1936 साली रक्ताच्या बाटल्या मोटारीत घालून थेट आघाडीवर नेण्याची व्यवस्था उभारली होती, तो चीनमध्येच नोव्हेंबर 1939 मध्ये रक्तदोषाने वारला. त्याच्या नावे चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद 1941 मध्ये कोटणीसांकडे आले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचाही तेथेच अंत झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर नेले. सोलापुरात त्यांच्या घराचे आता स्मारक आहे.

आघाडीवरील शल्यवैद्यापुढे जो प्रश्न असतो तो असा. अर्धा लिटर रक्त गेले तर नीला आपल्या भिंती आवळून साठ्यातले रक्त पुढे काढतात आणि माणसास फारसे जाणवतही नाही. दीड-दोन लिटर गेले की हा साठाही संपतो, नाडी बारीक आणि जलद होते, कातडी थंड आणि चिकट लागते, हृदय निरोगी असूनही रिकामे धडधडत राहते, आणि तेथे औषध म्हणून रक्तच द्यावे लागते. कार्ल लँडस्टायनरने 1901 मध्ये रक्तगट उघडकीस आणल्यानंतर ते देणे निर्धोक झाले. याच शास्त्रात मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली जी भर घातली ती जगभर 'बाँबे गट' या नावाने ओळखली जाते. वरवर 'ओ' दिसणाऱ्या या दुर्मीळ गटाच्या माणसास साधे 'ओ' रक्तही चालत नाही, त्याच गटाचे शोधावे लागते.

सोलापुरात रक्ताची गरज उन्हाळ्यात कमी होत नाही, परंतु महाविद्यालये बंद असल्याने दाते मात्र कमी होतात. अठरा वर्षांवरील, पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाच्या निरोगी पुरुषाने दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीने दर चार महिन्यांनी साडेतीनशे मिलिलिटर रक्त देण्यास हरकत नाही. गेलेले पाणी एक-दोन दिवसांत आणि पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

आणि एक ताकीद. उन्हात किंवा उभ्याने चक्कर येऊन पडलेल्या माणसाभोवती लोक जमतात, त्याला काखेत धरून उठवतात, खुर्चीवर बसवतात, तोंडात पाणी ओततात. यातले काहीही करू नये. पडणे हा अशा वेळी शरीराने स्वतःच केलेला उपचार असतो, कारण आडव्या देहात रक्ताला चढण चढावी लागत नाही. त्याला सावलीत निजू द्यावे, गळ्याचे बटण सोडावे, पाय हातभर उंच धरावेत, आणि पूर्ण शुद्धीवर आल्यावरच घोट घोट पाणी द्यावे. अंग भट्टीसारखे तापलेले असेल आणि तो असंबद्ध बोलत असेल तर तो साधा मूर्च्छेचा प्रकार नसून उष्माघात आहे असे समजून अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत, क्षणाचाही विलंब न लावता 'सिव्हिल' रुग्णालयात हलवावे.